ओळखीचा मशीनवाला की लेखी दर देणारा ठेकेदार?

पत्राचा आशय : घरामागची जमीन घराकडे उतरती आहे. पाऊस झाला की पाणी मागच्या भिंतीशी साचते आणि आतल्या खोलीत ओल चढते. पत्रलेखिकेच्या मनात तीन कामे आहेत : आवाराचा उतार बदलून पाणी कुंपणाकडे नेणारा चर खणणे, छपरावरचे पाणी साठवण्यासाठी जमिनीखाली टाकी बसवणे आणि उरलेली जागा सपाट करून तिथे बाग करणे. आवारात सासऱ्यांनी लावलेले मोठे झाड आहे आणि त्याला धक्का लागू नये, अशी सासूबाईंची अट आहे. पती नोकरीनिमित्त बाहेरगावी असल्यामुळे देखरेख त्यांनाच करायची आहे. शेजारी खोदकाम केलेला ओळखीचा मशीनवाला ‘दोन दिवसांचे तास धरा, पुढचे काम बघून ठरवू’ असे म्हणतो. दुसरा ठेकेदार दोनदा येऊन गेला, त्याने बरेच प्रश्न विचारले आणि जवळजवळ दुप्पट रकमेचा लेखी अंदाज दिला. मोठ्या दिरांचे म्हणणे असे की, माती उकरायला एवढा विचार कशाला, आणि ओळखीच्या माणसाकडे कागद मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे. ‘मला यातले काही कळत नाही. स्वस्त निवडले आणि बिघडले तर बोल मला लागेल, महाग निवडले तरी मलाच लागेल. मी काय करावे?’ असे त्या विचारतात.

नमस्कार,

दोघांपैकी कोणाला काम द्यावे, असे तुम्ही विचारले आहे. त्याचे उत्तर मी देणार आहे, परंतु त्याआधी तुम्ही गृहीत धरलेल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. एक रक्कम दुसरीच्या दुप्पट आहे, असे म्हणताना त्या दोन्ही रकमा एकाच कामाच्या आहेत असे तुम्ही धरून चालला आहात. तुमच्या पत्रात जेवढे आले आहे त्यावरून तसे दिसत नाही. ओळखीच्या मशीनवाल्याने तुम्हाला मशीन आणि चालकाचे दोन दिवस देऊ केले आहेत. दुसऱ्याने पाण्याचा निचरा, टाकी आणि सपाटीकरण अशी तीन कामे पुरी करून देण्याची किंमत सांगितली आहे. निघालेली माती वाहून नेणे, टाकीखालचा थर, चरातली खडी आणि पाइप, भराव आणि त्याची दबाई, हाताने खणणारे मजूर, मशीनची ने-आण, यांतले काय कोणत्या रकमेत आहे हे कळल्याशिवाय त्यांची तुलना होऊ शकत नाही. कदाचित दुसरा माणूस खरोखरच महाग असेल. कदाचित पहिल्याचे दोन दिवस पाच दिवसांवर जाऊन हिशोब तिथेच पोहोचेल. आज यातले काहीच सांगता येत नाही.

‘माती उकरायला एवढा विचार कशाला’ हे तुमच्या दिरांचे म्हणणे उकरण्यापुरते बरेचसे खरे आहे. सरावलेला चालक तुमचा खड्डा काही तासांत काढून देईल. घोडे अडते ते त्याच्या आधी आणि नंतर. टाकीचा खड्डा ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १.५ मीटर खोल धरा. ही जमिनीतली ९ घनमीटर माती झाली. जे ब्रासमध्ये मोजतात, त्यांच्या हिशोबाने तीन ब्रासांहून थोडी अधिक, कारण १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. जमिनीत घट्ट बसलेली माती सुटी झाली की साधारण पाव हिस्सा फुगते, म्हणजे तुमच्या आवारात ११ घनमीटरांहून मोठा ढीग उभा राहील आणि त्याचे वजन १५ टनांच्या आसपास असेल. खाली कातळ लागला तर ढिगाचे आकारमान दीडपटीपर्यंतही जाते. हा ढीग कोठे ठेवायचा, त्यातला किती उपयोगात आणायचा आणि उरलेला कोण, किती फेऱ्यांत, कोठे नेणार, हे आधी ठरले नसेल तर ‘माती उचलणे वेगळे’ हे वाक्य तुम्हाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऐकावे लागेल. त्या वेळी अंगणात पाऊल ठेवायला जागा नसेल आणि घासाघीस करण्याची ताकदही नसेल.

यातली बरीच माती तुम्हाला घरापाशीच लागणार आहे. भिंतीशी साचणारे पाणी हटवायचे असेल तर भिंतीलगतची जमीन उंच आणि तिच्यापासून दूरची जमीन खाली असली पाहिजे. घरापासून पहिल्या ३ मीटरांत १५ सेंटिमीटर उतार मिळाला तर पाणी भिंतीकडे परत येत नाही. मात्र भराव वाढवण्याच्या उत्साहात तो जोत्यातल्या ओलरोधक थरापर्यंत चढू देऊ नका. त्या थराच्या निदान १५ सेंटिमीटर खाली माती थांबली पाहिजे, नाहीतर ओल घालवण्यासाठी केलेले काम ओल चढवणारे ठरते. तुमच्याकडे जमीन घराकडे उतरते आहे, म्हणून भिंतीलगत पुरेसा भराव घालता येईलच असे नाही. काही भाग खरवडून खाली न्यावा लागेल आणि वरून येणारे पाणी घरापर्यंत पोहोचण्याआधीच आडव्या चराने अडवावे लागेल. कोठे खरवडायचे आणि कोठे भरायचे, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने किंवा लेव्हल यंत्राने चार-सहा ठिकाणची उंची मोजावी लागते. घराच्या भिंतीवर रंगाने एक पक्की खूण करून सगळी मापे त्या खुणेपासून घ्यायची, म्हणजे काम संपल्यावरही तीच मापे पुन्हा तपासता येतात.

येथे मी त्या दुसऱ्या ठेकेदाराच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. त्याने ‘बरेच प्रश्न विचारले’ हे तुम्ही थोड्या तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. माझ्या लेखी ती त्याच्याविषयीची सर्वांत चांगली माहिती आहे. खोदकामाचा माणूस पारखायचा असेल तर त्याचे मशीन किती नवे आहे हे पाहण्यापेक्षा, बकेट जमिनीला लावण्याआधी तो काय विचारतो ते ऐकावे. पाणी, वीज, गॅस, सांडपाणी यांच्या वाहिन्या कोठून जातात? सेप्टिक टाकी कोठे आहे? घराचा पाया किती खोल आहे? मशीन आत कोठून येणार? काढलेले पाणी शेवटी कोठे सोडायचे? यातले काहीही न विचारता जो दर सांगतो, त्याने तुमचे काम पाहिलेले नसते, फक्त जागा पाहिलेली असते.

वाहिन्यांचा प्रश्न जरा सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण अपघात बहुतेक तिथेच होतात. अनेक देशांत खोदण्याआधी कळवले तर सार्वजनिक वाहिन्यांची जागा दाखवून देणारी सेवा असते आणि जिथे ती नसते तिथे संबंधित कार्यालयांत चौकशी करावी लागते. परंतु मीटरपासून पुढे घरमालकाने स्वतः टाकलेल्या वाहिन्या अशा नकाशांत सहसा नसतात. बागेतल्या दिव्यासाठी कोणी ओढलेली केबल, टाकीकडे गेलेला जुना पाइप, बंद केलेली मोरीची वाट यांची आठवण घरातल्याच माणसांना असते. म्हणून सासूबाईंना घेऊन एक संध्याकाळ आवारात फिरा, त्यांना आठवेल ते सगळे विचारा आणि चुन्याने जमिनीवर आखा. जिथे शंका आहे तिथे आधी हाताने लहान चाचणी खड्डे घ्यायला सांगा. चांगला चालक कसा ओळखावा, तेही येथेच दिसते. केबलवर टाकलेली इशाऱ्याची रंगीत पट्टी किंवा भोवतीची वेगळी वाळू बकेटच्या दातांखाली दिसताच तो हात थांबवतो, बकेट बाजूला नेऊन जमिनीवर टेकवतो आणि मजुराला फावडे घेऊन पुढे येऊ देतो. पुढचे काम दात नसलेल्या, सपाट कडेच्या बकेटने आणि हाताने होते. समोर उभा असलेला एक माणूस हाताने खुणा करत असतो आणि चालकाची नजर त्याच्यावरून हलत नाही. ‘काही होत नाही, एक फटका मारतो’ असे म्हणणाऱ्याला त्याच क्षणी थांबवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

टाकीची जागा ठरवताना पायाचा विचार करावा लागतो. पायाच्या तळापासून बाहेर ४५ अंशांत खाली उतरणारी रेषा कल्पा. त्या रेषेच्या खाली खड्डा गेला तर पायाला आधार देणारी माती सैल होते. पायाचा तळ १ मीटर खोल आणि खड्डा २ मीटर खोल असेल, तर खड्ड्याची कड पायापासून निदान १ मीटर दूर हवी, आणि माती सैल किंवा पाणथळ असेल तर याहून बरीच अधिक. जागा इतकी तंग असेल की हे अंतर सुटतच नाही, तर निर्णय ठेकेदारावर सोडू नका. एकदा स्थापत्य अभियंत्याला दाखवा. टाकी प्लास्टिकची असेल तर आणखी दोन गोष्टी विचारा. भूजल वर आले की रिकामी टाकी जमिनीतून उचलली जाऊ शकते, तिला खाली धरून ठेवण्याची काय सोय केली आहे? आणि भराव घालताना टाकीत पाणी भरत जाणार का? बाहेरच्या भरावाबरोबर आतल्या पाण्याची पातळी चढत गेली तर भिंतींवरचा दाब सावरला जातो. रिकाम्या टाकीभोवती एकदम माती लोटली तर ती आत दबते.

भराव हा या सगळ्या कामातला असा भाग आहे, जो काम संपल्यावर कोणालाही दिसत नाही आणि म्हणूनच त्यात सर्वांत जास्त हात आखडला जातो. मशीनने सगळी माती एकदम ढकलून वरून दोन वेळा चाक फिरवले की जमीन सपाट दिसते. त्यानंतर एक पावसाळा जातो, खालची पोकळ माती बसते, वर खळगा पडतो आणि तुमचे पाणी पुन्हा भिंतीशी येऊन थांबते. भराव १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत घालून, बेताचा ओलावा ठेवून, प्रत्येक थर धुमसाने किंवा दबाईच्या यंत्राने ठोकून घेतला पाहिजे. हे एक वाक्य करारात लिहून घ्या आणि त्या दिवशी स्वतः घरी राहा. दुसरे असे की, वरची १५ ते २० सेंटिमीटर सुपीक माती सुरुवातीलाच खरवडून वेगळ्या ढिगात ठेवायला सांगा. ती खालच्या मातीत मिसळली तर बाग करण्याचा तुमचा विचार अनेक वर्षे मागे पडेल.

सासूबाईंच्या झाडाविषयी मी त्यांच्या बाजूने आहे. झाडाची बहुतेक मुळे वरच्या ६० सेंटिमीटर मातीत असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. संरक्षणाची एक रूढ पद्धत अशी आहे की, छातीच्या उंचीवर खोडाचा जो व्यास असेल त्याच्या १२ पट अंतरापर्यंत खोदकाम करायचे नाही. ४० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला हे अंतर ४.८ मीटर होते. तेवढ्या भागाला काम सुरू होण्याआधी दोरी लावा. त्यात मशीन उभे करायचे नाही आणि मातीचा ढीगही टाकायचा नाही, कारण दाबामुळे मुळांची हवा तुटते आणि झाड वाळायला लागते तोवर काम करून गेलेला माणूस कोणाच्या लक्षातही नसतो. चर तिथून नेण्यावाचून मार्गच नसेल तर तेवढा टप्पा हाताने खणून घ्यावा आणि मोठी मुळे न तोडता पाइप त्यांच्या खालून काढावा.

आता कागदाविषयी. ओळखीच्या माणसाकडे लेखी मागणे म्हणजे अविश्वास, असे तुमच्या दिरांना वाटते. ही भावना मी हलकी लेखत नाही, कारण लहान वस्तीत रोज समोर येणाऱ्या माणसाशी वाकडे आले तर ते निस्तरणे कठीण असते. पण याच कारणासाठी कागद हवा. अनोळखी ठेकेदाराशी वाद झाला तर तो संपतो आणि दोघे आपापल्या वाटेने जातात. ओळखीच्या माणसाशी ‘मी तसे म्हणालो नव्हतो’ इथपर्यंत गोष्ट आली तर ती शेजारच्या घरातही जाते. तो कागद तुम्ही त्याच्याकडून मागू नका, तुम्हीच लिहून त्याच्यापुढे ठेवा : ‘दादा, हे घरी नसतात, फोनवर विचारतात, म्हणून मी सगळे लिहून ठेवले आहे. तुम्ही वाचून काही राहिले असेल तर सांगा.’ यात कोणाचा अपमान होण्यासारखे मला काही दिसत नाही. अनुभवी माणूस त्यात स्वतःहून दोन ओळी भरही घालेल.

त्या पानावर काय असावे, याचे बहुतेक घटक वर आलेच आहेत. चराची लांबी, रुंदी, खोली आणि पाणी सोडण्याची जागा, टाकीचे ठिकाण, मातीची विल्हेवाट, भरावाची पद्धत, झाडाची दोरी, आवश्यक असल्यास परवानगी कोण काढणार, आणि कुंपण, फरशी किंवा शेजाऱ्याच्या भिंतीचे नुकसान झाले तर ते कोण भरून देणार. मजुरांचा आणि तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा आहे का, हेही विचारा आणि असल्यास त्याची प्रत पाहा. मशीन आत कोठून येईल हे जागेवर उभे राहून ठरवा. लहान खोदयंत्र १ मीटरच्या आसपास रुंदीच्या वाटेने जाऊ शकते, पण जेसीबीला दोन मीटरांहून अधिक रुंदी लागते आणि त्याचे वजन सात-आठ टन असते. असे मशीन किंवा भरलेला टिपर सेप्टिक टाकीच्या झाकणावरून गेला तर काय होईल, हे सांगायला नको.

तासाचा दर वाईट आणि एकरकमी दर चांगला, असे मात्र मी म्हणणार नाही. जमिनीखाली काय निघेल हे कोणालाच ठाऊक नसते. एकरकमी दर देणारा शहाणा ठेकेदार त्या जोखमीची किंमत आधीच धरून ठेवतो, आणि माती मऊ निघाली तर ती किंमत तुम्ही उगाच मोजलेली असते. उलट तासाच्या दरात सगळी जोखीम तुमच्याकडे येते आणि सावकाश काम करणाऱ्याला सावकाशीचे पैसे मिळतात. तुमच्या बाबतीत मला मधला मार्ग योग्य वाटतो. टाकी आणि चर यांची मापे आधी ठरवता येतात, ती दोन्ही कामे एकरकमी द्या आणि कातळ लागल्यास प्रति घनमीटर किती, हे आधी लिहून घ्या. सपाटीकरणाचा नेमका अंदाज बांधता येत नाही, ते तासावर असू द्या. मात्र तासांची एक वरची मर्यादा ठरवा, मशीनच्या मीटरचे आकडे सकाळ-संध्याकाळ वहीत लिहून चालकाची सही घ्या, आणि मशीन बंद पडलेला किंवा डिझेलसाठी गेलेला वेळ धरायचा नाही हे बोलून ठेवा.

हे पान तयार झाले की तेच पान दोघांनाही द्या. ओळखीचा मशीनवाला त्यावर नीट दर भरून, प्रश्न विचारून आला, आणि शेजारच्या घरी त्याने केलेला भराव एका पावसाळ्यानंतरही खचलेला नसेल, तर काम त्यालाच द्यावे असे माझे मत आहे. जवळचा माणूस नंतर बोलावला तर येतो, आणि खोदकामात नंतर बोलावण्याची वेळ येतेच. तो म्हणाला की ‘हे लिहिण्याचे काम माझे नाही’, तर चर आणि टाकी दुसऱ्याकडे सोपवा आणि बागेचे सपाटीकरण याच्याकडे ठेवा, म्हणजे ओळखही राखली जाईल. शेजारचे काम पाहायला स्वतः जा. दिरांनाही सोबत न्या. तिथला भराव आणि पाण्याची वाट दोघांनी मिळून पाहिली तर नंतरचा बोल एकट्या तुमच्यावर येणार नाही.

‘मला यातले काही कळत नाही’ हे तुमचे वाक्य मला पटलेले नाही. पाणी कोठून येते, कोठे थांबते, कोणत्या खोलीत आधी ओल दिसते, हे तुम्ही पत्रात नेमके लिहिले आहे आणि दोन्ही ठेकेदारांपैकी कोणीही ते तुमच्याइतके पाहिलेले नाही. पुढच्या पावसात छत्री घेऊन मागे उभ्या राहा आणि पाण्याच्या वाटेचे फोटो काढा. कामाचे पान लिहिताना ते फोटो कोणत्याही तांत्रिक माहितीइतकेच उपयोगी पडतील.

देखरेख तुमच्याकडे आहे म्हणून एका बाबतीत मी सल्ला देत नाही, आग्रह धरतो. वर धरलेल्या खोलीत तळाचा खडीचा थर मिळवला की तुमचा खड्डा १.५ मीटरच्या पुढे जाणारच आहे. एवढ्या खोल, उभ्या कडांच्या खड्ड्यात कडांना आधार दिल्याशिवाय किंवा त्या उतरत्या कापल्याशिवाय कोणालाही खाली जाऊ देऊ नका, मग तो कितीही अनुभवी असो. १ घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून अधिक असते, कड ढासळायला क्षणभर पुरतो आणि छातीपर्यंत माती आली तरी माणसाला श्वास घेता येत नाही. काढलेली माती कडेपासून निदान ६० सेंटिमीटर, शक्य तर त्याहून दूर टाकायला सांगा, आत शिडी असू द्या आणि रात्री खड्ड्याभोवती अडथळा व उजेड ठेवा. पाऊस झाला तर कडा पुन्हा तपासल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नका, आणि दिवस वाया गेला म्हणून कोणी कुरकुर केली तर करू द्या.

पैसे टप्प्यांनी द्या : थोडे सुरुवातीला, थोडे टाकी बसून भराव झाल्यावर, थोडे सपाटीकरणानंतर भिंतीवरच्या खुणेपासून मापे तपासून. शेवटचा लहानसा हप्ता पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर द्यायचा, हे त्या पानावर आधीच लिहा, आणि पावसाला उशीर झाला तर ठेकेदाराचे पैसे अडकून राहू नयेत म्हणून एक शेवटची तारीखही घाला.